साप चावल्यास काय करावे बरे?

रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस लागले की माझ्या फोनवर तो माणूस परत येतो. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला चापून तेल, आणि तोंडावर असा आनंद की याला साप चावला आहे की लॉटरी लागली आहे तेच कळू नये. यंदाही आला. भंडाऱ्याजवळ शहापूरच्या आमच्या शाळेत मधली सुट्टी चालू होती. हायवेपलीकडच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, बाया ओळीनं वाकलेल्या दिसत होत्या. शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी तो व्हिडिओ टाकला, वर लिहिलं, 'जुना हाय, पण पाहाच', आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली पिवळी तोंडं. पाठवणाऱ्या गुरुजींना ठाऊक नव्हतं की त्यातला सूचना देणारा आवाज माझा आहे. मी सांगितलंही नाही. फोन पालथा ठेवला आणि डबा न उघडताच वर्गावर गेलो.

ती फिल्म आमच्याच घरातून बाहेर पडलेली. बाबा सरकारी प्रचाराच्या गाडीवर प्रोजेक्टर चालवायचे. टपावर भोंगा, आत रिळांच्या पेट्या, गुंडाळलेला पडदा, अशी ती गाडी. नाकाडोंगरीकडच्या जंगलातल्या टोल्यांपासून, म्हणजे पाड्यांपासून, आमच्या आंबागडच्या विहारापुढच्या मैदानापर्यंत, नोकरीची सगळी वर्षं त्यांनी लोकांना शहाणं करण्यात घालवली. लहानपणी मला वाटायचं की सरकार म्हणजे आपले बाबाच. दिवस मावळला की ते पडदा ताणायचे, एक डोळा मिटून झोत नीट करायचे, आणि मग तो आवाज सुरू व्हायचा. सगळ्या फिल्मांना एकच आवाज. पुण्याकडचा, खाकरून साफ केलेला आणि सारखा प्रश्न विचारणारा. 'शेतकरीदादा, आपल्या धानाला कीड का बरे लागली?' आमच्याकडं जन्मात कोणी कोणाला 'बरे' लावून प्रश्न विचारत नाही. मागून एखादी म्हातारी ओरडायची, "आमाले काय पुसता जी, तुमीच सांगा!" आणि सगळं मैदान हसायचं.

हसण्यासारखं होतंच हो. त्या फिल्मांत दोनच शेतकरी असत. वाईट शेतकऱ्याची दाढी वाढलेली, बैल मरतुकडे, बायको खोकणारी. चांगल्या शेतकऱ्याचे बैलसुद्धा नुकतीच अंघोळ करून आलेले. बिनधुराच्या चुलीची एक फिल्म होती, तिच्यातली बाई नवंकोरं लुगडं नेसून भाकरी थापायची आणि एकीकडे आमच्याकडं बघून हसत राहायची. एका खत कंपनीच्या फिल्ममध्ये खताच्या पोत्याला हातपाय फुटायचे, ते बांधीभर नाचायचं आणि धानाच्या लोंब्या त्याला वाकून सलाम करायच्या. लहान कुटुंबाच्या फिल्ममधली दोन पोरं इस्त्रीच्या कपड्यांत गुपचूप बसून बिस्किट खायची. ना भांडण, ना ओरडा. बिस्किट असून पोरं भांडत नाहीत, यावर आमच्या गावाचा कधीच विश्वास बसला नाही. बाबा मात्र हसायचे नाहीत. मैदान हसलं की तेवढंच म्हणायचे, "हासा बापा, पण ध्यानात ठेवा."

हसलेलं ध्यानात राहतंच. ते आम्हाला फार उशिरा कळलं.

बाबा रिटायर झाले तेव्हा ऑफिसातल्या कोणी साहेबांनी त्या रिळांच्या सीड्या करून घेतल्या होत्या, त्यांचा एक संच बाबांनी घरी आणला. तो ट्रंकेत पडून होता. तो बाहेर काढायची अक्कल मला सुचली ती चार रोवण्यांमागं. माझा मित्र प्रफुल हा झाडीपट्टीच्या नाटकांतला विनोदी नट. नाटकं सुरू होतात दिवाळीनंतर. भर पावसाळ्यात लोक चिखलात आणि प्रफुल रिकामा. तोंडाला काम नसलं की तो आजारी असल्यासारखा दिसायचा. शहापुरातल्या माझ्या खोलीत आम्ही दारं-खिडक्या लावून, भिंतीला गाद्या टेकवून बसायचो आणि त्या फिल्मांचा मूळ आवाज काढून आपल्या बोलीत नवा भरायचो. चुलीपुढची बाई हसत हसत म्हणायची, 'घरचे पोट्टे उपाशी, अन् हा फोटोवाला मले हास हास म्हनून राहिला.' नाचणारं पोतं म्हणायचं, 'आलो रे आलो! आता गांडुळाची काही खैर नाही!' आम्ही स्वतःच इतके हसायचो की रेकॉर्डिंग चार-चारदा करावं लागायचं. दर रविवारी एक क्लिप. ती सगळ्या झाडीपट्टीत फिरायची. प्रफुलला बाजारात लोक थांबवून त्या पोत्याचा आवाज काढायला लावायचे.

मग सापाची फिल्म हाती लागली. असली फिल्म नशिबानंच मिळते, असं तेव्हा आम्ही म्हणालो. साप म्हणजे काळी रबरी नळी, आणि तिला ओढणारा दोरा चक्क पडद्यावर दिसतो. तो धोतरवाला हाताला चावून घेतो, आणि खाकरलेला आवाज विचारतो, 'साप चावल्यास काय करावे बरे?' मग दंशाच्या वर दोरी घट्ट बांधायची. त्याच्या वर दुसरी. त्याच्या वर तिसरी. मग पात्यानं चिरा द्यायच्या, रक्त चोखून थुंकायचं, आणि झाडाखाली बसून आरामात गाडीची वाट बघायची. आम्ही त्यातलं एकही चित्र बदललं नाही. फक्त बोल बदलले. सूचना देणारा मी, धोतरवाला प्रफुल.

'बांध.'

'बांधली जी.'

'आवळ.'

'आवळली जी.'

'अजून आवळ!'

'मास्तर, हात निळा पडून राहिला ना!'

'हात का तुह्या बापाचा हाय? आवळ!'

मग 'काप, चोख, थुक', आणि प्रफुलच्या थुंकण्याचा तो लांबच लांब आवाज. शेवटी मी, 'आता घाबराचं काम नाही. बस निवांत, बिडी पे.'

टाकण्याआधी क्लिप आंबागडला घरी दाखवली. आमचा दादा, माझा थोरला भाऊ, शेती बघतो. तो पोट धरून हसला. शकुनवहिनी, त्याची बायको, चहाची कपबशी हातात धरून म्हणाली, "भाऊजी, त्या सापाले तरी एखादा डायलॉग द्याचा होता!" एकटे बाबा गंभीर.

"ते सापाचं राहू दे," ते म्हणाले.

"काहून?"

"बंद केली होती ते फिलम. वरून."

मला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनाला लागलं. आयुष्यभर ज्या पेट्या वाहिल्या त्यांची पोरानं टिंगल मांडली, लागणारच. मी प्रफुलला डोळा मारला. बंद का केली होती, हा चार शब्दांचा प्रश्न विचारायला मला काय झालं होतं? वर्गात पोरांना ओरडून सांगतो, प्रश्न विचारा रे, प्रश्न विचारा.

वहिनीच्या हाताबद्दल सांगायला हवं. डाव्या हातावर पऱ्ह्याची पेंडी, म्हणजे रोपांची जुडी, आणि उजव्या हाताचा अंगठा नि दोन बोटं चिखलात जात-येत राहायची. इतकी पटापट की पाणी हललेलं दिसायचं, हात दिसायचा नाही. ओळ सुतात. आंबागडात रोवणी धरली की बाया आधी विचारायच्या, शकुन कोणत्या बांधीत हाय? तिच्या बाजूला उभं राहायला नको वाटायचं त्यांना, कारण ती पुढं जाऊन मागच्यांना चिडवायची. "अवो, झोपल्या का? का धान तुमालेच रोवून राहिलं?" तिच्या तोंडाला आणि हाताला एकाच वेळी दम लागलेला मी कधी पाहिला नाही.

त्या क्लिपनंतर पंधरा-वीस दिवसांत ते झालं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर ठेवलेली पेंडी उचलताना वहिनीच्या उजव्या हाताच्या बोटाला काहीतरी डसलं आणि गवतात सरकलं. भर दुपार होती. बांधीत पंधरा माणसं होती. कोणी रडलं नाही, कोणी मांत्रिकाचं नाव काढलं नाही, कोणी पळापळ केली नाही. कारण काय करायचं ते सगळ्यांना पाठ होतं. दादानं बैलाची नायलॉनची दोरी घेतली आणि मनगटाच्या वर बांधली. बाया भोवती उभ्या राहून सांगत होत्या, 'आवळ, अजून आवळ.' मजेनं नाही. जीव तोडून. माझ्याच शब्दांत. दुसरी दोरी कोपराखाली, तिसरी वर. विळ्यानं चिरा दिल्या. हात निळा पडायला लागला तेव्हा एकीनं म्हटलं म्हणे, "पडूच दे, मास्तरच्या व्हिडिओतबी पडते." शेजाऱ्याची मोटरसायकल धुऱ्याशी उभी होती. दादा म्हणाला, "घाई कायले? दोरी बांधली ना. चिखलात गाडी घसरून आनखी कुठं पडाचं." गावातला टेम्पो तुमसरहून परतेपर्यंत ते झाडाखाली थांबले. दर थोड्या वेळानं दादा दोरी तपासायचा आणि सैल वाटली की पुन्हा आवळायचा.

मला फोन आला तेव्हा त्याचा आवाज शांत होता. "घाबरू नको. तुह्या पिच्चरमंदी सांगतलं तसंच सारं केलं."

तुमसर, भंडारा, मग नागपूर. वहिनी वाचली. हात कोपराच्या थोडा खाली काढावा लागला. दादा औषधं आणायला गेला होता तेव्हा डॉक्टर खाटेपाशी आले. वहिनी डोळे मिटून पडली होती. त्यांनी हळू आवाजात मला विचारलं, दोरी कोणी बांधली? मी म्हणालो, घरच्यांनी. ते म्हणाले, "विष फार नव्हतंच अंगात. साप चावला की हात हलवू न देता सरळ दवाखान्यात आणायचं, बाकी काही करायचं नाही. हा हात सापानं नाही गेला. दोरीनं गेला." मग थोडं थांबून, "कुठून शिकतात हे लोक?"

दादा आला, त्याला यातलं काहीच सांगितलं नाही.

आता यापुढचं सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. वहिनी घरी आल्यावर आंबागडनं विहारात माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सगळं. मास्तरच्या व्हिडिओमुळं बाईचा जीव वाचला! दादा उभा राहिला. चार लोकांत कधी तोंड न उघडणारा माणूस. "हात गेला तं जाऊ द्या," तो म्हणाला, "माह्या भावामुळं माही बायको हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनंही डाव्या हातानं मांडीवर थापटी मारली. मी शाल घेतली. खाली मान घालून घेतली, आणि लोक म्हणाले, पाहा मास्तर किती नम्र हाय.

घरी आल्यावर बाबा अंगणात बसले होते. म्हणाले, "मी चार वर्सं दाखवली ते फिलम. गावोगावी. मंग वरून चिठ्ठी आली, हे चूक हाय, दाखवू नका. कोन-कोन शिकलं आसन त्या चार वर्सांत, माहीत नाही."

"मग मला तेव्हा नीट सांगायचं ना, बाबा!"

"सांगतलो होतो. तू हासत होता."

पुढच्या हिवाळ्यात बाबा गेले. त्यांचं एक बरं होतं, त्यांना चिठ्ठी आली आणि त्यांनी रीळ पेटीत बंद केली. पेटीला कुलूप लागतं. मी आणि प्रफुलनं आमची क्लिप वहिनीला डसलं त्याच आठवड्यात काढून टाकली होती, पण तोवर ती इतक्या फोनांत उतरली होती की काढून टाकली म्हणणंही हास्यास्पदच. प्रफुलनं नंतर ते आवाज काढणं सोडलं. बाजारात कोणी पोत्याचा आवाज मागितला तर म्हणतो, घसा गेला.

मी अनेकदा विचार करतो की त्या फिल्मा करणारे लोक कसे असतील. कोणीतरी खुर्चीवर बसून मन लावून ते लिहिलं असेल, खेड्यातली माणसं मरू नयेत म्हणून. त्यांना चूक माहीत नव्हती. आम्ही त्यांच्या कशाकशाला हसलो. भाषेला हसलो, तेलाला हसलो, रबरी सापाला हसलो. सांगतात ते खरं की खोटं, तेवढं एकच पाहिलं नाही. आणि त्या खाकरलेल्या आवाजाचं गाव कधी पाच मिनिटं मनावर घेत नसे. माझं घेतलं. कारण मी त्यांच्या बोलीत बोललो, वर मी मास्तर. आमच्या घरात, आमच्या वस्तीत, शिकून मास्तर झालेल्या पोराचा शब्द म्हणजे काय असतो हे बाहेरच्याला कळायचं नाही. तो मस्करीत बोलला तरी लोक त्यातलं शिकण्यासारखं वेचून घेतात. हा विश्वास मिळवायला दोन पिढ्या लागल्या होत्या. मी तो थुंकण्याच्या आवाजावर उडवला.

तर यंदा. डबा न उघडता वर्गावर गेलो, आणि रोवणीचे दिवस म्हणून पोरांना विचारलं, साप चावला तर काय करायचं? लगेच मागच्या बाकावरून एक पोरगी म्हणाली, 'बांध.' अन् सगळा वर्ग उठला, 'आवळ! अजून आवळ! हात का तुह्या बापाचा हाय?' ठेका धरून, बाकं वाजवून. ज्या पोरांना पाढे येत नाहीत त्यांनासुद्धा सगळं येत होतं. मी त्यांना खरं ते सांगितलं. फळ्यावर लिहून दिलं. पोरांनी वहीत उतरवलं, पण घंटा झाल्यावर वऱ्हांड्यातून जाताना पोरं पुन्हा 'आवळ, अजून आवळ'च म्हणत होती.

रविवारी आंबागडला गेलो. बांधीत रोवणी चालू होती. वहिनी आता रोवत नाही. डाव्या हातानं पेंड्या उचलून बायांच्या पुढ्यात नेमक्या फेकते. आणि प्रत्येक बाईच्या कमरेला हिरव्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा खोचलेला. हे मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी नजर वळवतो. रोवणीच्या पहिल्या दिवशी दादा स्वतःच्या हातानं दोरी कापून प्रत्येकीला देतो. "खोचून ठेव माय, वेळ सांगून येत नाही."

वहिनी धुऱ्यावर पाणी प्यायला बसली तेव्हा मी सुरुवात केली. "वहिनी, तुमच्या हाताबद्दल एक सांगायचं राहिलं..."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "डॉक्टर बोलला तवा म्या डोळे मिटले होते. कान का मिटते?"

चार वर्षं! "मग दादाला का नाही सांगितलं?"

"सांगून का हात उगवते? थे रोज माही वेनी घालून देतेत, भाऊजी. हे माहीत झाल्यावर त्याईचा हात चालला असता का माह्या केसात?" ती हे साधेपणानं बोलली, रडली नाही. रडलो मी. लोकांची रोवणी चालू असताना धुऱ्यावर बसून रडणारा मास्तर, चांगलं दिसत नव्हतंच.

मी तिला वर्गातलं सांगितलं. ती ऐकत राहिली. "पुरा वर्ग?" तिनं विचारलं.

"पुरा."

ती उठली. दादा बांधीच्या पलीकडच्या कोपऱ्यात फावड्यानं धुरा नीट करत होता. ती तिकडं निघाली तसा मी मागं धावलो. "थांबा वहिनी, मी सांगतो त्याला."

"तुमचं सांगून लय झालं," ती म्हणाली.

तिनं दादाला उभ्या उभ्या सांगितलं. हात सापानं नाही गेला, दोरीनं गेला. तो आधी हसला. त्याला वाटलं, नेहमीसारखी चिडवते आहे. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, चार वर्षं रोज मनात म्हटलेले.

"सैल बांधली असती तं?" दादानं विचारलं.

"बांधायचीच नाही, दादा. चिराही द्यायच्या नाहीत. सरळ दवाखान्यात."

"मोटरसायकल उभी होती," तो म्हणाला. वहिनीनं त्याच्या खांद्याला हात लावला, तो त्यानं राहू दिला. माझ्याकडं मात्र पाहिलं नाही. मला वाटलं, आता मारेल. खरं सांगतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानं फावडं चिखलात रोवलं आणि तो रोवणाऱ्या बायांच्या ओळीत शिरला. पहिलीपाशी थांबून हात पुढं केला. "दोरी दे." तिनं दिली. दुसरीनं, तिसरीनं दिली. बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. ओळ थांबली. चौथी सगुणामाय, सगळ्यांत म्हातारी. तिनं कमरेवर हात दाबून धरला.

"कायले देऊ? मास्तरच्या व्हिडिओत तं बांधा म्हनते."

"थो मजाक होता, माय," दादा म्हणाला. "मलेच समजला नाही."